एडी मोरालेसचा पडता काळ

"गेला," सुकुमार म्हणाला.

"कितवा?"

"एक्केचाळीस."

मी वहीत एक्केचाळिसावी फुली मारली. एडी मोरालेस सलग एक्केचाळीस वेळा फलंदाजीला आला होता आणि सलग एक्केचाळीस वेळा हात हलवत परत गेला होता. हा एडी हाडामांसाचा माणूस नव्हे. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही सांगलीत बसून बेसबॉलचा एक कॉम्प्युटर गेम बनवत होतो, त्यातला तो सगळ्यात भारी फलंदाज. या गेममध्ये खेळणाऱ्यानं संघाचा मॅनेजर व्हायचं, कुणाला खेळवायचं ते ठरवायचं आणि बटण दाबायचं. मग एकशे बासष्ट सामन्यांचा अख्खा हंगाम कॉम्प्युटर स्वतःच खेळायचा आणि आकडे समोर ठेवायचा.

"बघ, बघ," आरवाडे सर माझ्या खुर्चीमागून म्हणाले. "पाय हलत नाहीत त्याचे."

पडद्यावर पाय नव्हतेच. नुसती अक्षरं होती. पण अजित आरवाडे म्हणजे एके काळी जिल्ह्याकडून सलामीला खेळलेला माणूस. पन्नाशी आली तरी बोलता बोलता हवेत कव्हर ड्राइव्ह मारायचे, आणि त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ पायांत असायचं. कंपनी त्यांची. विश्रामबागेत एका बेकरीच्या वर तीन खोल्या आणि आम्ही सहा माणसं. साल दोन हजार आठ, महिना मार्च. वर ऊन आणि खाली भट्टी, त्यामुळे दुपारी आम्हीही पावासारखे फुगायचो.

त्या मंगळवारी सकाळी अमेरिकेतून पत्र आलं होतं. गिऱ्हाइकाचं नाव डग. त्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'एडी मेला आहे. त्याला कुणी मारलं ते शुक्रवारच्या फोनवर सांगा, नाहीतर काम मी दुसरीकडे देतो.'

सरांनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचे तीन महिने शुक्रवारी संपतात ना?"

"हो."

"एडी का खेळत नाही ते शोधा. काम गेलं तर मला माणसं कमी करावी लागतील, आणि पहिलं नाव तुमचं असणार. आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका."

माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसलेली माणसंसुद्धा कधीकधी अशा सुरात बोलतात की पुढची चार वाक्यं आपल्याला ऐकूच येत नाहीत.

मी सुहासिनी चौगुले, तेव्हा अडतीस वर्षांची. माझे वडील जिल्ह्याच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते. बाराव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी बसून चेंडूगणिक धावा लिहायला शिकले. गणित घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न झालं आणि पुढची पंधरा वर्षं भाकरी किती लागतील एवढाच हिशेब केला. मग एकदा नोकरी शोधायला बाहेर पडले. अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या. दहा ठिकाणी 'कळवतो' म्हणाले आणि कुणी कळवलं नाही. अकरावे आरवाडे सर. त्यांना खेळाचे आकडे कळणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर मला टेस्टर म्हणून ठेवलं. गेम चालवायचा, चूक शोधायची, लिहून काढायची.

मला ती नोकरी हवी होती. घरात काही कमी होतं म्हणून नव्हे, नवऱ्याची साखर कारखान्यातली नोकरी होती. पण पंधरा वर्षांनी कुणीतरी मला माझ्या डोक्यासाठी बोलावलं होतं. सकाळी डबा घेऊन जिना चढताना मला अक्षरशः आनंद व्हायचा. आणि आता तो जिना शुक्रवारनंतर कदाचित चढायला मिळणार नव्हता.

बेसबॉलमधलं आम्हाला कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. तीन महिन्यांत मी एवढंच शिकले होते की फलंदाज एका सामन्यात चार वेळा तरी खेळायला येतो, आणि दहा वेळांत तीन वेळा त्याचा फटका लागला की तो उत्तम खेळाडू. एडी तसा होता. कागदोपत्री त्याची ताकद दहात तीन फटक्यांची. एप्रिलमध्ये झकास खेळायचा, मेमध्ये घसरायचा आणि जून लागला की बंद. आम्ही हंगाम तीन वेळा नव्यानं चालवला, तिन्ही वेळा तेच.

"फॉर्म गेलाय," सरांनी निकाल दिला. "मोठमोठ्यांचा जातो. माझा गेला होता चौऱ्याऐंशीत. त्याला पाच सामने बाहेर बसवा."

बसवला. परत आला आणि पहिल्याच चेंडूला गेला.

"खालच्या क्रमांकावर पाठवा. दडपण कमी होईल."

पाठवला. तिथंही गेला.

"जर्सीचा नंबर बदल रे सुकुमार. सतरा चांगला नसतो."

"सर, नंबर नुसता दिसायला हाय," सुकुमार म्हणाला. "त्याचा खेळाशी संबंध न्हाई."

"बदल म्हणतोय ना!"

बदलला. तेव्हापासून एडी बावीस नंबर घालून बाद होऊ लागला.

सुकुमार मगदूम आमचा प्रोग्रॅमर. हुशार, कुरुंदवाडचा, सदानकदा शर्टाच्या खिशात भडंगाची पुडी. त्याचं मत वेगळं होतं. "ताई, ह्यात काय बी न्हाई. कॉम्प्युटर दरवेळी आतल्या आत फासे टाकतोय. कधी वाईट पडतात, सलग पडतात. नशीब."

"एक्केचाळीस वेळा?"

"पडू शकतंय की."

पडू शकतं, हे खरंच. पण नशिबानं आलेला पडता काळ दिसतो कसा, तेच मला माहीत नव्हतं. क्रिकेटच्या वहीत मी हजार डाव लिहिले होते, पण ते माणसांचे. तिथं नशीब किती, पोटदुखी किती आणि बायकोशी भांडण किती, हे कुणाला सांगता येणार?

बुधवारी संध्याकाळी घरी आले तर माझ्या सासूबाई सोप्यात चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. शेजारी चिंचोक्यांचा ढीग पडला होता. मी हातपाय धुतले आणि त्यातले दहा चिंचोके उचलले. आत्याबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना घेऊन तीन चिंचोक्यांना पांढरा ठिपका लावला. मग दहाही एका कापडी पिशवीत घातले.

"काय करालीस ग?" आत्याबाई म्हणाल्या.

"ऑफिसचं काम."

"चिंचोक्यांचं ऑफिस हाय व्हय तुझं?"

"आत्याबाई, पिशवीत हात घाला. न बघता एक काढा. ठिपक्याचा आला तर फटका, बिनठिपक्याचा आला तर बाद. मग परत टाकायचा, हलवायचा, परत काढायचा. तीनशे वेळा."

"तीनशे!"

"चिंचा मी फोडते."

एवढ्यावर सौदा पटला. मी एका हातानं चिंच फोडत होते आणि दुसऱ्या हातानं वहीत फुल्या मारत होते. आत्याबाईंनी सुरुवातीला कुरकुर केली, पण चाळीसेक वेळा झाल्यावर त्यांना त्याची गोडी लागली. ठिपक्याचा निघाला की "आला बघ माझा राजा!" म्हणायच्या. शंभरीनंतर एकदा जे बिनठिपक्याचे निघायला लागले ते थांबेनात. सात, आठ, नऊ. आत्याबाईंनी पदर खोचला. दहा, अकरा. "ह्यातलं ठिपक्याचं तूच काढून घेतलंस काय?" बारा, तेरा.

चौदाव्याला ठिपक्याचा आला. त्याच्या पाठोपाठ लगेच आणखी एक.

तीनशे झाले. ठिपक्याचे अठ्ठ्याऐंशी निघाले आणि सगळ्यात लांब दुष्काळ तेराचा. म्हणजे नुसत्या नशिबानंही फलंदाज तेरा वेळा कोरडा जाऊ शकतो. त्यात त्याचे पाय नसतात, दडपण नसतं, जर्सीचा नंबर नसतो. आणि काहीही न करता तो आपोआप वरही येतो.

"मला वाटलं, आता काय निघत नाही ठिपक्याचं," मी म्हटलं.

"न निघायला काय झालं?" आत्याबाई पुन्हा चिंचांकडे वळत म्हणाल्या. "पिशवीला काय ठावं, मागच्या खेपेला काय निघालं ते? तिला आपली दरवेळी तीन ती तीनच."

मी चिंच खाली ठेवली. आतून कॅल्क्युलेटर आणला आणि शून्य पूर्णांक सात ही संख्या एक्केचाळीस वेळा गुणली. एडीसारखा फलंदाज सलग एक्केचाळीस वेळा नुसत्या नशिबानं बाद होण्याची शक्यता बावीस लाखांत एक. आणि आम्हाला ते तीनपैकी तीन हंगामांत भेटलं होतं.

पिशवीला मागचं आठवत नव्हतं. एडीला आठवत असलं पाहिजे.

गुरुवारी सकाळी मी चप्पल काढायच्या आधी सुकुमारच्या टेबलाशी गेले.

"सुकुमार, एडीला मागचं आठवतं का रे?"

"म्हणजे ओ?"

"म्हणजे आधीच्या वेळी तो बाद झाला होता, हे पुढच्या वेळी त्याला ठाऊक असतं का?"

"असतंय की. आत्मविश्वासाचा आकडा हाय त्याला. शंभरपैकी. आकडा चढला की फटके जास्त लागतात, उतरला की कमी."

"आत्ता किती आहे?"

त्यानं दोन कळा दाबल्या. "दोन."

"दोन! आणि हंगाम सुरू होताना?"

"पन्नास. सगळ्या स्टारना पन्नास."

"सगळ्या स्टारना म्हणजे? बाकीच्यांना नाही?"

"न्हाई. फक्त आठ स्टार खेळाडूंना. तसंच ठरलं होतं की."

"बाकीच्या सात जणांचे आकडे दाखव."

पाच जण दहाच्या खाली होते आणि दोघे नव्वदच्या वर. म्हणजे आठांपैकी सहा विहिरीत आणि दोन आभाळात, मध्ये कुणीच नाही. साध्या खेळाडूंचं मात्र सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून एकूण बेरजेत कधी काही खुपलं नव्हतं. शिवाय पहिले दोन महिने आम्ही एकेकटा सामनाच तपासत होतो. अख्खा हंगाम चालवायला लागून महिनाही झाला नव्हता.

"हा आकडा चढतो उतरतो कसा?"

"फटका लागला की दोन वाढतात. बाद झाला की एक कमी."

"आणि हे कुणी ठरवलं?"

सुकुमारनं खिशातली पुडी काढली, परत ठेवली आणि कीबोर्डकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्हीच."

मला खरंच आठवेना. त्यानं आठवण करून दिली. मी कामावर आले त्याच आठवड्यात, खालच्या बेकरीतून खारी आणली होती आणि चहा चालला होता. त्यानं सहज विचारलं, ताई, फलंदाज बाद झाला की त्याच्या मनावर किती परिणाम होतो? आणि मी, बापाच्या मांडीला मांडी लावून शिकलेली, म्हणाले होते की परिणाम होतोच. साधा खेळाडू बाद झाला तर कुणी विचारत नाही, पण मोठा बाद झाला की अख्खं मैदान गप्प होतं. मोठ्याचा प्रत्येक वेळी एक गुण कापायचा. चांगला फटका मारला की दोन द्यायचे. म्हणजे मी उलट उदारपणाच दाखवला होता! मला वाटलं गप्पा चालल्यात, आणि त्यानं तसंच्या तसं गेममध्ये घातलं.

"बरोबरच हाय की ते," सुकुमार म्हणाला. "एकाला दोन. फायद्यातच हाय एडी."

मी त्याच्या समोरचा कागद ओढला. "दहा वेळा खेळायला आला. तीन फटके मारले. किती वाढले?"

"सहा."

"सात वेळा बाद झाला."

"सात गेले." तो थांबला. "सहा वाढले, सात गेले."

"तो किती चांगला खेळतोय? दहात तीन म्हणजे?"

"उत्तम," सुकुमार हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यात उत्तम."

"आणि तरी दर दहा वेळांमागं त्याचा एक गुण जातोय."

पुढचं दोघांनाही बोलून दाखवावं लागलं नाही. एक गेला की आत्मविश्वास उतरणार. तो उतरला की तीनाचे पावणेतीन फटके लागणार. मग आणखी गुण जाणार, मग अडीच फटके. ज्याचं नशीब सुरुवातीला जोरावर तो आभाळात जाणार, बाकीचे घसरत तळाला. बाहेर बसवलं तरी आकडा तिथंच राहणार, नंबर बदलला तरी तिथंच.

क्रिकेटमध्ये फलंदाज एकदा बाद झाला की त्याचा दिवस संपला. त्या दिवसभरासाठी तो गुन्हेगारच. आम्ही सगळे त्यातच वाढलेलो, म्हणून बाद होणं म्हणजे अपयश, याबद्दल कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. मला आली नाही, सुकुमारला आली नाही, सरांना तर नाहीच नाही. आणि या परक्या खेळात दहातले सात वेळा बाद होणं हेच मोठेपण होतं. तो माणूस झकास खेळत होता आणि मी त्याला दर दहा वेळांनी नापास करत होते.

एडीला मी मारलं होतं.

मला आधी स्वतःचा प्रचंड राग आला. आणि त्याच्या पाठोपाठ, खोटं कशाला सांगू, इतका आनंद झाला की मी टेबलावर मूठ आपटली. सापडलं होतं! सुकुमार दचकला आणि भडंगाची पुडी त्याच्या खिशातून उडून जमिनीवर पडली.

"आता?" सुकुमार म्हणाला.

"आता फटक्याला सात आणि बादला तीन. करून बघ. तीन गुणिले सात एकवीस, सात गुणिले तीन एकवीस. आपल्या योग्यतेनं खेळला तर कापलं काही जायला नको."

"आणि त्यातूनबी घसरला तर? नशीब हायच की."

मला पिशवी आठवली. "तर त्याला विसरायला शिकव. रोज रात्री झोपला की आकडा पन्नासच्या दिशेनं थोडा सरकू दे. अगदी पिशवीसारखा कोरा नको, माणूस आहे. थोडं लक्षात राहू दे, पण जन्मभर नको."

दुपारपर्यंत त्यानं ते केलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दहा हंगाम चालवले. एडी घसरायचा, धडपडायचा आणि उठायचा, दहाही वेळा.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हवेत एक कव्हर ड्राइव्ह मारला. "शाबास! जिंकलं! उद्या डगला सांगतो, कॉम्प्युटरच्या फाशांत घोळ होता, आम्ही काढला."

"पण फाशांत घोळ नव्हता, सर. नियम माझा होता. मीच चुकीचा सांगितला होता."

"ओ मॅडम, घरातलं चौकात कशाला न्यायचं?" ते खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऐका. तीन महिन्यांची टेस्टर, तिनं गेमचा नियम ठरवला, तोही चुकीचा, हे त्याला कळलं तर तो पहिलं काय म्हणेल? तिला काढा. मग मला नाही म्हणता येणार नाही. तुमच्याच भल्याचं सांगतोय. उद्या तुम्ही गप्प बसायचं."

गप्प बसायला मी तयार होते, हेही सांगून टाकते. मला तो जिना हवा होता.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला फोन लागला. तिकडे सकाळ. सरांच्या टेबलावर मधोमध फोन ठेवून स्पीकर लावला होता आणि आम्ही तिघं भोवती बसलो होतो. डगचा आवाज जाड, घशात खडीसाखर धरल्यासारखा. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं सुकुमार कानात सांगायचा. नवा गेम आम्ही आदल्या दिवशीच पाठवला होता.

"बोला," डग म्हणाला. "एडीला कुणी मारलं?"

सरांनी घसा साफ केला आणि फाशांचं सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटं झकास बोलले.

"मिस्टर आरवाडे," डग म्हणाला, "ते फासे टाकणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय. अकरा वर्षं वापरतोय. त्यात घोळ नाही."

सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर सुकुमारवर थांबली. "सर, देन मे बी... अवर प्रोग्रॅमर..." ते म्हणाले.

सुकुमारनं मान खाली घातली. नियम माझा होता हे सरांनाही ठाऊक होतं, तरी हा पोरगा 'ताईंनीच सांगितलं होतं' असं म्हणायला तयार नव्हता. मला ते सहन होईना.

"सर," मी फोनकडे वाकून म्हणाले. "आय किल्ड एडी."

आरवाडे सरांनी डोळे मिटले.

"कोण बोलतंय?" डगनं विचारलं.

"सुहासिनी. टेस्टर."

"कसं मारलंत?"

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. ते इंग्रजी कसलं होतं ते आता आठवलं तरी लाज वाटते, पण त्या वेळी ते घोड्यासारखं धावलं. आमच्याकडे दुसरा खेळ आहे, मी म्हटलं. त्यात माणूस एकदा बाद झाला की घरी. म्हणून आम्ही बाद होण्याला भितो. मी तुमच्या एडीला तीच भीती घातली. सहा मिळवायचा, सात गमवायचा. आता सात आणि तीन केलंय. आणि रात्री झोपल्यावर तो थोडं विसरतो.

फोनवर पेन्सिल खरडल्याचा आवाज आला. तो गणित करत होता.

"थांबा," तो म्हणाला. "मी आत्ताच हंगाम चालवतो. फोन ठेवू नका."

तो एकेक दिवस पुढं नेत एडीचे आकडे वाचून दाखवू लागला. एप्रिल चांगला गेला. मे महिना सुरू झाला आणि एडी बाद झाला. पुन्हा झाला. दुसऱ्या सामन्यात चारही वेळा झाला.

"नऊ," डग म्हणाला. "दहा. अकरा."

आरवाडे सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, परत तेच होतंय."

"होऊ दे."

"चौदा," डग म्हणाला.

"काहीतरी बोला! त्याला म्हणा परत पहिल्यापासून चालव!" सर रुमालानं मान पुसत होते.

"सोळा. सतरा." डगच्या आवाजात आता तिरकसपणा आला होता. "मॅडम, तुमचा एडी परत मरतोय."

आत्याबाईंची पिशवी तेरावर थांबली होती, आणि हा सतरावर. पण गणित माझ्या बाजूनं होतं. मी ते दहादा तपासलं होतं. जन्मात पहिल्यांदाच मला वाटलं की समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी बरोबर मीच आहे.

"वेट," मी म्हटलं. "ही इज नॉट डेड. ही इज ओन्ली आउट."

"अठरा," डग म्हणाला. "एकोणीस." मग माउसची एक टिचकी ऐकू आली आणि तो बोलायचा थांबला.

"सर?" मी म्हटलं.

"होमरन," डग म्हणाला.

होमरन म्हणजे बेसबॉलमधला षटकार! सुकुमार खुर्चीवरून उठून उभा राहिला. फोनमधून टिचक्या ऐकू येत होत्या, भराभर. "फटका," डग म्हणाला. "बाद. फटका. बाद. बाद. फटका." मग तो हसायला लागला. मोठ्यानं, खोकत खोकत हसला. हंगाम संपला तेव्हा एडी दहात तीनच्या किंचित वर होता. बाकीचे सातही स्टार आपापल्या जागी होते. ना कुणी विहिरीत ना कुणी आभाळात.

मी ओंजळीत तोंड लपवलं. रडत नव्हते, हसतही नव्हते. दोन्हीच्या मधलं काहीतरी होतं, आणि ते मी तोपर्यंत कधी अनुभवलं नव्हतं.

"मी अकरा वर्षं हे गेम विकतोय," डग म्हणाला, आणि या वेळी सुकुमारनं सांगायच्या आधीच मला सगळं कळलं. "माझ्या गेममधला पडता काळ मी तारीख बघून सुरू करायचो आणि तारीख बघून बंद करायचो. लोकांना ते कळायचं, मला पत्रं यायची. हा माणूस पहिल्यांदाच आपला आपण पडला आणि आपला आपण उठला. मॅडम, गोलंदाजांचंही असंच सगळं तुम्ही बघायचं. पुढची दोन वर्षं. सांगलीतच राहू दे काम."

"येस," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचलाच नाही.

"मिस्टर आरवाडे, ह्या बाई तुमच्याकडे कायमच्या आहेत ना?"

"ऑफ कोर्स!" आरवाडे सर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "सिन्स बिगिनिंग!"

"कधीपासून?" मी खणखणीत मराठीत विचारलं.

सुकुमारनं तोंडावर हात दाबून धरला. आरवाडे सरांनी झटकन फोनवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर जिल्ह्याच्या संघात निवड झालेल्या पोराचं हसू.

"आत्तापासून ओ, मॅडम. आत्तापासून!"

"लेखी द्या," मी म्हटलं.

"आत्ता? तो फोनवर थांबलाय की!"

"थांबू दे," मी म्हटलं आणि टेबलावरचा कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला.